सुट्टीतील प्रेम आणि संबोधनाचे व्याकरण : चेखवच्या 'द लेडी विथ द डॉग' या कथेचा पुनर्विचार

प्रस्तावना

हवापालटासाठी एखाद्या लहान गावी आलेली दोन अनोळखी माणसे भेटतात, परस्परांकडे ओढली जातात आणि सुट्टी संपताच आपापल्या वाटेने निघून जातात, हे कथासूत्र जागतिक कथावाङ्मयात वारंवार आढळते. या सूत्राचे लोकप्रिय रूप बहुधा ठरलेले असते. दोघांचे वय, स्वभाव किंवा परिस्थिती यांत अंतर असते आणि निसर्गरम्य परिसर व रिकामा वेळ यांच्या साहाय्याने ते अंतर पुसले जाते. कथेचा शेवट मीलनात झाला काय किंवा वियोगात झाला काय, विजोडपणाचा प्रश्न सुट्टीच्या गावातच सुटला असे गृहीत धरलेले असते.

रशियन कथाकार अंतोन चेखव (1860-1904) यांची इंग्रजीत 'द लेडी विथ द डॉग' या नावाने प्रसिद्ध असलेली कथा याच सूत्रावर उभी आहे. परंतु वरील गृहीतक ती स्वीकारीत नाही. इंग्रजी आणि तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांना ही कथा परिचित आहे. तिचे विवेचन सामान्यतः दोन दिशांनी होते. एका मतानुसार ही एका स्त्रीलंपट पुरुषाच्या हृदयपरिवर्तनाची कथा आहे. दुसऱ्या मतानुसार ती विवाहबाह्य संबंधाला सहानुभूती देणारी, नैतिकदृष्ट्या संदिग्ध कथा आहे. या दोन्ही मतांत एक गोष्ट समान आहे. नायक व नायिका यांच्यातील अंतर अखेरीस नाहीसे होते, असे दोन्ही मते मानून चालतात. प्रस्तुत लेखात या समजुतीचा फेरविचार केला आहे. हे अंतर कथेत कोठे दिसते, कोठे कमी होते आणि कोठे शेवटपर्यंत टिकून राहते, याचा शोध पात्रांची परस्परांना संबोधण्याची रीत, कथेतील स्थळे आणि दोन समांतर प्रसंग यांच्या आधारे घेतला आहे.

कथेची पार्श्वभूमी

ही कथा 'रुस्काया मिस्ल' या नियतकालिकाच्या डिसेंबर 1899 च्या अंकात प्रसिद्ध झाली. क्षयाच्या विकारामुळे चेखव यांना या सुमारास काळ्या समुद्राच्या काठी, क्रिमियातील याल्टा येथे स्थायिक व्हावे लागले होते. त्यामुळे सुट्टीच्या गावाकडे ते पाहुण्याच्या नव्हे, तर रहिवाशाच्या नजरेने पाहत होते. याल्टाला त्या काळी रेल्वे नव्हती. पाहुण्यांना सिंफेरोपोल किंवा सेवास्तोपोल येथून घोडागाडीने अथवा बोटीने यावे लागे. कथेत गुरोव अन्नाला निरोप देण्यासाठी स्टेशनापर्यंत जातो तेव्हा त्या प्रवासात संपूर्ण दिवस जातो. सुट्टीचे जग आणि नेहमीचे जग यांच्यातील हे भौगोलिक अंतर कथेच्या रचनेत महत्त्वाचे ठरते.

कथेचे चार भाग आहेत. पहिल्या दोन भागांत याल्टा, तिसऱ्यात मॉस्को आणि 'स.' एवढ्याच आद्याक्षराने निर्दिष्ट केलेले प्रांतिक शहर, तर चौथ्यात पुन्हा मॉस्को अशी स्थळांची योजना आहे. म्हणजेच अर्धी कथा सुट्टीनंतर घडते. लोकप्रिय सूत्र जेथे थांबते तेथून चेखव यांनी कथेचा उत्तरार्ध सुरू केला आहे, ही गोष्ट येथे प्रथमच नोंदवून ठेवावयास हवी.

विजोडपणाचे स्वरूप

द्मित्री गुरोव हा चाळिशीच्या उंबरठ्यावरील मॉस्कोचा गृहस्थ आहे. शिक्षण भाषाशास्त्राचे, नोकरी बँकेत, मॉस्कोत स्वतःची दोन घरे, बारा वर्षांची मुलगी आणि शाळेत जाणारे दोन मुलगे असा त्याचा संसार आहे. विद्यार्थिदशेतच त्याचे लग्न लावून देण्यात आले. पत्नीला तो मनातून घाबरतो आणि तिच्याशी प्रतारणाही करतो. स्त्रियांना तो कनिष्ठ कोटीच्या मानतो. मात्र त्यांच्या सहवासावाचून त्याला दोन दिवसही करमत नाही. अन्ना सेर्गेयेव्ना ही त्याच्याहून बरीच लहान आहे. ती पीटर्सबर्गमध्ये वाढलेली असून लग्नानंतर दोन वर्षे 'स.' शहरात राहत आहे. आपला पती नेमक्या कोणत्या सरकारी कचेरीत काम करतो, हेही तिला नीट सांगता येत नाही.

वय आणि अनुभव यांतील हा फरक उघड आहे. त्याहून महत्त्वाचा फरक घटनेच्या अर्थाचा आहे. गुरोवच्या दृष्टीने हे प्रकरण म्हणजे पूर्वीच्या अनेक प्रकरणांसारखे आणखी एक. अन्नाच्या दृष्टीने तो अधःपात आहे. एकच घटना दोघे दोन निरनिराळ्या कथांमध्ये बसवीत असतात. गुरोव तिला आपल्या आठवणीतील स्त्रियांच्या प्रकारांशी ताडून पाहतो, तर ती स्वतःकडे पापाच्या आणि पश्चात्तापाच्या परंपरागत चौकटीतून पाहते. या अवस्थेत दोघांपैकी कोणालाही दुसरी व्यक्ती खऱ्या अर्थाने दिसलेली नसते. चेखव यांनी विजोडपणाचा जो पाया घातला आहे तो हा आहे. स्वभावभेद ही त्याची केवळ बाह्य बाजू होय.

सुट्टीचे गाव आणि नेहमीचे गाव

याल्टा येथे हा विजोडपणा कमी होत नाही, तो केवळ झाकला जातो. दोघांची ओळख होते ती लहानशा पांढऱ्या कुत्र्याच्या निमित्ताने. गुरोव त्याला चुचकारतो, बोटाने दटावतो आणि त्याला हाड देऊ का, असे विचारून संभाषणाला आरंभ करतो. येथील सर्व व्यवहारच निमित्तांचा आहे. धक्क्यावर बोट येणे, गर्दी, सरबत आणि आइस्क्रीम, हवेविषयीचे बोलणे या गोष्टी माणसांना एकत्र आणतात आणि त्यांची ओळख पटण्याची गरजही टाळतात. त्या गर्दीत अन्नाचा मुठीचा चष्मा हरवतो. हा तपशील सहज आलेला वाटतो. परंतु पुढे त्याचे महत्त्व कळते.

ओरिआंदा येथील पहाटेचा प्रसंग सर्वपरिचित आहे. चर्चजवळच्या बाकावर दोघे बसलेली आहेत, खाली समुद्राचा गंभीर आवाज आहे. हे गाव नव्हते तेव्हाही हा आवाज असाच होता आणि आपण नसू तेव्हाही तो असाच राहील, असा विचार गुरोवच्या मनात येतो. निसर्गाच्या या उदासीनतेतच चिरंतनाची खूण असावी, असे त्याला वाटते. अनेक समीक्षकांनी हा प्रसंग प्रेमाच्या उदात्तीकरणाचा क्षण मानला आहे. कथेचा क्रम मात्र या निष्कर्षाला पुरेसा आधार देत नाही. या चिंतनानंतरही अन्ना निघून जाते तेव्हा गुरोवला वाटते ते एवढेच, की आणखी एक प्रकरण संपले आणि आता आपणही उत्तरेकडे परतावे. निसर्गाने त्याला विचार करावयास लावले. त्याला बदलले नाही.

बदल घडतो तो मॉस्कोत. हिवाळा, वर्तमानपत्रे, क्लब, मेजवान्या अशा त्याला प्रिय असलेल्या जीवनात परतल्यावर अन्नाची आठवण महिन्याभरात पुसट होईल, अशी त्याची अपेक्षा असते. ती पुसट होण्याऐवजी गडद होते. एकदा क्लबमधून बाहेर पडताना तो एका परिचित अधिकाऱ्यापाशी याल्टात भेटलेल्या स्त्रीचा उल्लेख करतो. तो अधिकारी घसरगाडीत बसता बसता उत्तर देतो ते जेवणातील मासळीला वास येत असल्याविषयी. गुरोवच्या संतापाचा उद्रेक या क्षुल्लक वाक्याने होतो. सुट्टीच्या गावात आपल्या भावनेला जे निमित्तांचे कवच होते ते येथे नाही आणि ती भावना व्यक्त करण्यासाठी आपल्या नेहमीच्या जगात भाषाच नाही, याची जाणीव त्याला या क्षणी होते.

त्यानंतर येणारे 'स.' शहर हे याल्टाचे प्रतिरूप आहे. तेही लहान गाव आहे; पण तेथे समुद्र नाही. हॉटेलच्या खोलीत करडे जाजम, धुळीने करडी झालेली आणि मुंडके तुटलेल्या घोडेस्वाराची दौत, अन्नाच्या घरासमोर खिळे ठोकलेले करडे कुंपण अशी त्याची चित्रे आहेत. घराच्या पुढच्या दारातून तेच पांढरे कुत्रे बाहेर येते. पण उत्तेजित झालेल्या गुरोवला त्याचे नाव आठवत नाही. याल्टात ओळखीचे साधन ठरलेले निमित्त येथे निकामी होते. संध्याकाळी नाटकगृहात 'गेशा' या संगीतिकेच्या पहिल्या प्रयोगाला अन्ना दिसते. प्रांतिक गर्दीत हरवून जाईल अशी ती एक साधी स्त्री आहे आणि तिच्या हातात एक सामान्य मुठीचा चष्मा आहे. नेमक्या याच क्षणी, ही स्त्री आपल्या साऱ्या जीवनाला व्यापून उरली आहे, हे गुरोवला उमगते. परिसराचे सौंदर्य बाजूला सारल्यावर जे उरते त्याची ही परीक्षा आहे. याल्टात त्याने पाहिली होती ती कुत्रे घेऊन फिरणारी एक बाई. अन्ना त्याला प्रथम दिसते ती 'स.' शहरात. शीर्षकातील कुत्रे चौथ्या भागात कोठेही येत नाही, ही बाब या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

'तू' आणि 'तुम्ही'

वरील विवेचनाला कथेच्या भाषेत एक ठोस पुरावा आहे आणि मराठी वाचकाच्या दृष्टीने तो विशेष महत्त्वाचा आहे. रशियन भाषेत मराठीप्रमाणेच द्वितीय पुरुषाची दोन रूपे आहेत. 'ती' हे जवळिकीचे आणि 'वी' हे अंतराचे किंवा आदराचे रूप होय. इंग्रजीत 'यू' हे एकच रूप असल्यामुळे कॉन्स्टन्स गार्नेट यांच्या 1917 सालच्या बहुवापरातील अनुवादातून वाचताना हा भेद वाचकाच्या नजरेस येत नाही. मूळ पाठ या दृष्टीने तपासला असता पुढील क्रम आढळतो.

याल्टात प्रारंभी दोघेही परस्परांना 'तुम्ही' म्हणतात. धक्क्यावरून अन्नाच्या खोलीकडे जाऊ या असे सुचवितानाही गुरोव आदरार्थी रूपच वापरतो. खोलीतील प्रसंगानंतर मात्र तो तत्काळ 'तू' वर येतो. अन्ना येत नाही. आपल्याविषयी त्याला आता आदर उरला नसेल, हे सांगताना ती 'तुम्ही'च म्हणते आणि स्टेशनवरील निरोपापर्यंत तेच चालू राहते. म्हणजे शारीरिक जवळीक साधल्यानंतरही दोघे दोन वेगळ्या व्याकरणांत बोलत असतात. गुरोवचे 'तू' सवयीचे आहे. अशा प्रकरणांत या टप्प्यावर काय म्हणावयाचे असते ते त्याला ठाऊक आहे. अन्नाचे 'तुम्ही' हे तिच्या भयाचे आणि एकाकीपणाचे निदर्शक आहे.

नाटकगृहातील भेटीत दोघांचीही भाषा पुन्हा 'तुम्ही'ची होते. गुरोवच्या बाबतीत ही माघार लक्षणीय आहे. सवयीने मिळालेली जवळीक तो येथे गमावतो, विनवणी करतो, आपले म्हणणे समजून घ्या असे सांगतो. चौथ्या भागात, मॉस्कोच्या हॉटेलात, दोघेही 'तू' म्हणतात. अन्नाच्या बाबतीत तर जरा थांब अशा अर्थाच्या एका लहानशा क्रियापदातून ही जवळीक व्यक्त होते. दोघांच्या नात्यातील स्थित्यंतर लेखकाने कोठेही भाष्य करून सांगितलेले नाही. ते सर्वनामांत आणि क्रियारूपांत आहे. संबोधनाची समता याल्टात नव्हे, तर सुट्टी संपून पुष्कळ काळ लोटल्यावर आलेली आहे.

हा भेद मराठीत सहज आणता येईल, असे प्रथमदर्शनी वाटते. येथेच एक अडचण उद्भवते. पतीने पत्नीला 'तू' आणि पत्नीने पतीला 'तुम्ही' म्हणावे, ही रीत मराठी कुटुंबांत दीर्घकाळ रूढ होती आणि अनेक घरांत ती आजही आहे. त्यामुळे याल्टातील विषम संबोधन मराठीत जसेच्या तसे उतरविले तर ते मराठी वाचकाला विषम वाटणारच नाही. उलट संसारी जोडप्यासारखे स्वाभाविक वाटेल. चेखवने जेथे दुरावा दाखविला तेथे मराठी वाचकाला मर्यादशील जिव्हाळा दिसेल. या अडचणीची दुसरी बाजू गुरोवच्या पत्नीच्या संदर्भात आहे. मूळ कथेत ती पतीला 'तू' म्हणते. छानछोकी पुरुषाची भूमिका तुला शोभत नाही, असे ती त्याला ऐकविते. जुन्या वळणाच्या मराठी अनुवादकाने तिच्या तोंडी 'तुम्ही' घातले, तर पत्नी आणि अन्ना यांच्या बोलण्यातील भेदच नष्ट होईल. मूळ कथेत जेथे 'तू' आहे तेथे प्रेम नाही आणि जेथे प्रेम उगवू पाहते तेथे 'तुम्ही' आहे. हा व्यत्यास राखावयाचा तर अनुवादकाला पत्नीचे 'तू' कायम ठेवावे लागेल आणि अन्नाच्या 'तुम्ही' भोवती संकोच सूचित करणारी वाक्यरचना योजावी लागेल. इंग्रजीत हा भेद व्याकरणाच्या अभावी हरवतो. मराठीत व्याकरण असूनही सामाजिक संकेतामुळे तो हरवण्याचा संभव आहे.

दोन खोल्या, दोन प्रसंग

दुसऱ्या भागातील अन्नाची खोली आणि चौथ्या भागातील मॉस्कोच्या 'स्लाव्यान्स्की बझार' या हॉटेलातील खोली यांतील प्रसंग शेजारी ठेवून वाचले असता त्यांची बाह्य रचना जवळजवळ सारखी असल्याचे दिसून येते. दोन्ही ठिकाणी अन्ना शोकाकुल आहे आणि गुरोव तिचा शोक ओसरण्याची वाट पाहत आहे. याल्टात तो टेबलावरील कलिंगडाची फोड कापून सावकाश खात बसतो आणि निदान अर्धा तास शांततेत जातो. मॉस्कोत ती रडत असताना तो खुर्चीत बसतो, तिला रडून घेऊ द्यावे असे मनाशी म्हणतो, चहा मागवितो आणि ती खिडकीकडे तोंड करून उभी असताना तो पितो.

कलिंगडाचा प्रसंग गुरोवच्या असंवेदनशीलतेचे उदाहरण म्हणून नेहमी उद्धृत केला जातो. चहाच्या प्रसंगाकडे मात्र सहसा लक्ष जात नाही, कारण हृदयपरिवर्तनाच्या सिद्धान्तात तो बसत नाही. बदललेला गुरोव चहा कसा पिऊ शकतो, हा प्रश्न टाळता येणार नाही. चेखवने कृती तीच ठेवून तिच्यामागील मन बदलले आहे, असे याचे उत्तर देता येईल. याल्टात तिच्या पश्चात्तापाच्या सुराने तो कंटाळला होता. मॉस्कोत हा संबंध लवकर संपणारा नाही हे त्याला कळले आहे, म्हणून तो थांबू शकतो. चहानंतर तो तिच्या खांद्यांवर हात ठेवतो, आरशात स्वतःचे पिकू लागलेले केस पाहतो आणि त्या उबदार, थरथरणाऱ्या जिवाविषयी त्याला करुणा वाटते. स्त्रियांचे प्रकार पाडणारी त्याची दृष्टी येथे संपते. परिवर्तन झाले आहे. ते चारित्र्याचे नसून दृष्टीचे आहे. त्याचे वर्तन पूर्णपणे बदललेले नाही, आणि तसे दाखविण्याचा मोह लेखकाने टाळला आहे, यातच कथेची विश्वसनीयता आहे.

प्रवासाचा भार आणि कथेची मर्यादा

विजोडपणाचा एक स्तर शेवटपर्यंत टिकून राहतो. तो आहे प्रवासाचा. 'स.' शहराला गुरोव एकदाच जातो, त्यासाठी पत्नीला पीटर्सबर्गचे खोटे कारण सांगतो. पुढील सर्व भेटींसाठी अन्नाच प्रवास करते. दर दोन-तीन महिन्यांनी स्त्रियांच्या विकारासाठी डॉक्टरांना दाखवावयाचे आहे असे पतीला सांगून ती मॉस्कोला येते. पती तिच्यावर विश्वास ठेवतो आणि ठेवीतही नाही. गुरोव मुलीला शाळेत पोहोचवून, वाटेत तिला हिवाळ्यात मेघगर्जना का होत नाही हे समजावून सांगून, पायीच हॉटेलात येतो. अन्ना आदल्या संध्याकाळपासून त्याची वाट पाहत असते आणि प्रवासाने थकलेली असते. सुट्टीत दोघेही प्रवासी होते. आता एकच प्रवासी उरला आहे. प्रत्येक माणसाचे खरे जीवन गुप्तपणाच्या पडद्याआड चाललेले असते, हे गुरोवचे चिंतन सर्वांनाच लागू पडते. पण त्या गुप्ततेची किंमत दोघांना सारखी मोजावी लागत नाही. कथेने हे तपशील नोंदविले आहेत, गुरोवने मात्र ते विचारात घेतलेले नाहीत.

येथे कथेच्या मर्यादेचाही निर्देश करावयास हवा. निवेदन जवळजवळ संपूर्णपणे गुरोवच्या दृष्टिकोनातून होते. अन्नाचे मन आपल्याला तिच्या बोलण्यातून आणि अश्रूंतूनच कळते. 'स.' शहरात याल्टानंतरचे महिने तिने कसे काढले, याचे चित्रण नाही. तिने आपल्या पतीला एकदा हुजऱ्या म्हटलेले असते. नाटकगृहात गुरोवलाही तो नेमका तसाच दिसतो आणि लेखक त्याला दुसरी बाजू देत नाही. गुरोवच्या पत्नीला तर नावही नाही. काळ्या भुवया, ताठ चालणे आणि विद्वत्तेचा आव एवढीच तिची ओळख आहे. प्रेमिकांना सहानुभूती मिळावी म्हणून दोन्ही जोडीदारांना सपाट ठेवले आहे, हा आक्षेप सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही.

टॉलस्टॉय यांनी जानेवारी 1900 मधील आपल्या दैनंदिनीत या कथेवर कठोर अभिप्राय नोंदविला होता. बरे आणि वाईट यांत भेद करणारी स्पष्ट जीवनदृष्टी नसलेली ही माणसे आहेत आणि हा सारा नीत्शेचा प्रभाव आहे, असे त्यांचे मत होते. पात्रांपाशी अशी जीवनदृष्टी नाही, हे त्यांचे निरीक्षण बरोबर आहे. त्यावरून लेखकापाशीही ती नाही असे मानणे मात्र योग्य ठरत नाही. कोण किती थकले आहे, कोण वाट पाहत आहे आणि कोण चहा पीत आहे याची अचूक नोंद घेणे, हीही नैतिक दृष्टीच होय. निर्णय देण्याऐवजी हिशेब समोर ठेवणे, ही चेखवची पद्धती आहे. कथेच्या अखेरीस दोघे मार्ग शोधू लागतात आणि सर्वांत अवघड भाग तर आताच सुरू होत आहे, याची त्यांना जाणीव होते. हा शेवट अपूर्ण नाही. सुट्टीतील प्रेमाच्या लोकप्रिय सूत्राला दिलेले ते उत्तर आहे.

निष्कर्ष

1. या कथेतील विजोडपणा वय वा स्वभाव यांपुरता मर्यादित नाही. एकाच घटनेला दोघांनी दिलेल्या भिन्न अर्थांत तो रुजलेला आहे.

2. सुट्टीचे गाव हा विजोडपणा झाकते. तो कमी होण्याची प्रक्रिया नेहमीच्या, रंगहीन शहरांत घडते. म्हणून कथेचा उत्तरार्ध हा तिचा उपसंहार नसून गाभा आहे.

3. 'तू' आणि 'तुम्ही' यांच्या योजनेतून नात्याचे स्थित्यंतर सूचित होते. इंग्रजी अनुवादात ते लुप्त होते, तर मराठीत कौटुंबिक संकेतामुळे त्याचा विपरीत अर्थ लागण्याचा धोका आहे. पदवी व पदव्युत्तर वर्गांत ही कथा शिकविताना अध्यापकाने याकडे अवश्य लक्ष वेधावे.

4. गुरोवचे परिवर्तन दृष्टीचे आहे, वर्तनाचे अंशतःच आहे. कलिंगड आणि चहा या समांतर प्रसंगांतून हे स्पष्ट होते.

5. प्रवासाचा आणि गुप्ततेचा भार मुख्यत्वे अन्नावर राहतो. दोघांमधील समता संबोधनात येते, व्यवहारात येत नाही. 'तू' म्हणण्याइतकी जवळ आलेली दोन माणसेही सारख्याच अंतरावरून चालत आलेली असतात असे नाही, ही जाणीव ठेवून या कथेचे वाचन व्हावयास हवे.